औंढ्याचे बंद रान

सोलापूरच्या माणसाला डोंगराचे फार अप्रूप. आमच्याकडे नजर पोचेल तिथवर सपाट काळी जमीन आणि झाड म्हणजे विहिरीवरचा एखादा कडुलिंब. म्हणून पुण्याला गाडी बदलल्यावर मी खिडकीजवळची जागा धरली, ती शेवटपर्यंत सोडली नाही. कामशेत मागे पडले तसे डाव्या हाताला विसापूर आणि लोहगड दिसू लागले. मनात चित्र होते हिरव्या डोंगरांचे; पण फाल्गुन सरत आला होता. उतारांवर वाळलेले गवत आणि मधूनमधून जळाल्याचे काळे पट्टे. झाडे अशी थोडीच.

लोणावळ्याला अक्का आणि भाऊजी उतरवून घ्यायला आले होते. घरी जाऊन ट्रंक उघडते तो शेंगाचटणीचा डबा आतच सांडलेला. चारही लुगडी तिखटमिठात लाल झाली होती. पुढचे दोन दिवस मी अक्काची लुगडी नेसून गावभर हिंडले आणि चिक्की खाल्ली.

भाऊजी जंगलखात्यात रेंजर. औंढ्याच्या वरचा एक डोंगर त्यांनी काही वर्षांपूर्वी बंद केला होता, म्हणजे त्यात गुरे, कोयता, मोळी सगळ्याला मनाई. त्या डोंगराविषयी ते जेवताना बोलत, झोपताना बोलत. तिकडे फेरी निघाली तेव्हा मीही येणार म्हणून हटून बसले. अक्का हसली आणि शिदोरी बांधून दिली.

छकडा कादरभाईंचा होता. ते लोणावळ्याचेच, त्यांचे वडीलही हाच धंदा करीत. त्या काळी या डोंगरांतून कोळशाची पोती रोज स्टेशनावर जात, असे ते सांगत होते. "डोंगर बोडका झाला तवा कुणी रडलं न्हाई," ते बैलांना हाकत म्हणाले, "आता झाडं आल्यात तर समदे रडत्यात."

औंढ्यात आम्ही धोंडीआबांकडे उतरलो. गावात त्यांचा शब्द चाले. पानात तांदळाची भाकरी, पावट्याची आमटी आणि ताक. वाढायला त्यांची थोरली सून गंगू होती. धाकटी सून पारू कुठे दिसेना, म्हणून मी सहज विचारले, तर पाण्याला गेली आहे असे गंगूने खाली बघत सांगितले. चुलीत गोवऱ्या जळत होत्या. शेणाचे खत शेताला द्यायचे ते चुलीत जाते आणि भात उणा पडतो, असे आबांनी भाऊजींना जेवताजेवता ऐकवले. आवाज चढवला नाही. भाऊजींनीही शांतपणे समजावले, की आणखी थोडी वर्षे कळ काढा, मग वाळके लाकूड मोकळे करता येईल.

"रानाशी आमचं वैर न्हाई, सायेब," आबा म्हणाले. "पर चुलीला काय सांगावं?"

उन्हे कलताना आम्ही आणि कादरभाई रानाच्या रखवालदाराबरोबर वर चढलो. खरे सांगते, त्या रानात शिरताच माझी पावले सावकाश पडू लागली. बाहेर रखरखाट आणि आत ऐन, जांभूळ, हिरडा यांची दाट सावली, पायाखाली ओलसर पाचोळा. वर एका कातळाखाली झरा होता. डोंगर उघडा होता तेव्हा तो माघातच आटायचा, आता वैशाखातही वाहतो, असे भाऊजी म्हणाले. ओंजळीने पाणी प्याले तो दातांना कळ लागली. भाऊजी एकेक रोप दाखवत होते. इतक्या आनंदात मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

उतरताना धुराचा वास आला. मावळात या दिवसांत राब भाजतात (भाताची रोपे जिथे करायची ती जमीन पालापाचोळा, शेण पसरून जाळतात). रानाच्या कडेला कुणीतरी राब पेटवला होता. वारा फिरला, ठिणग्या वाळल्या गवतात गेल्या आणि बघता बघता जाळ रानातल्या ओढ्याकडे वर सरकू लागला. भाऊजी, रखवालदार आणि कादरभाई हिरव्या डहाळ्या मोडून आग झोडपू लागले. मला त्यांनी खाली गावाकडे पिटाळले.

गाव बांधावरच उभे होते. पुरुष, बायका, सगळे. कुणी हलत नव्हते. भाऊजी धावत खाली आले, काळवंडलेल्या तोंडाने त्यांनी हात जोडले. एक तरणा गडी म्हणाला, "रान सरकारनं घेतलं. आग बी सरकारनंच इझवावी." कुणी त्याला अडवले नाही. भाऊजी धोंडीआबांकडे वळले. आबा वरच्या कड्याकडे टक लावून बघत राहिले. 

मग बायकांतून गंगू पुढे आली. सासऱ्याच्या समोर सून अशी उभी राहत नाही. पदर डोक्यावरून खांद्यावर आला होता, तिकडे तिचे लक्षही नव्हते.

"मामंजी, बोला की," ती म्हणाली. आबांची नजर कड्यावरून हटेना. तेव्हा तीच लोकांकडे वळली. "पारू आत हाय. सरपणाला गेलीया."

त्यानंतर कुणाला काही सांगावे लागले नाही. सगळे गाव धावले. तो तरणा गडी सर्वांत पुढे होता. कोयत्यांनी त्यांनी ओढ्याच्या अलीकडचे गवत आणि झुडपे साफ केली, माती टाकली, आणि आग तिथे अडली. वरचे रान, झरा, सारे वाचले.

पारू ओढ्याच्या घळीत सापडली. जाळ तिच्यापर्यंत पोचला नव्हता, धुराने गेली. मोळी बांधून बाजूला नीट ठेवलेली होती. वाटेवर आमची चाहूल लागली म्हणून ती घळीत दडून बसली असणार, असे गंगू म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिले नाही.

तिला खाली आणले तेव्हा एक अवघड गोष्ट पुढे आली. सरणापुरते लाकूड गावात कुणाच्या घरी नव्हते. माणसे कुजबुजू लागली. भाऊजींनी ते ऐकले, रखवालदाराकडून किल्ली घेतली आणि त्याच्या चौकीमागची खोली उघडली. बायकांकडून जप्त केलेल्या मोळ्या तिथे छतापर्यंत रचल्या होत्या. पुरुषांनी त्या बाहेर काढल्या. बायका आपापल्या दोरखंडांवरून आपापली मोळी ओळखत होत्या. एकीनेही तसे बोलून दाखवले नाही.

सरण पेटल्यावर धोंडीआबा भाऊजींजवळ आले. "सायेब, ती आत हाय हे मला ठावं व्हतं," ते म्हणाले. "वाटलं, वरल्या अंगानं निघंल. तुमच्यासमूर सून चोर ठरंल, ह्याचं भ्या वाटलं मला."  

पुढच्या आठवड्यात भाऊजींनी स्वतःच्या अंगावर घेऊन गावाला कळवले, की बाजाराच्या दिवशी बायकांनी उजळ माथ्याने यावे, रखवालदाराला नाव सांगावे आणि वाळके लाकूड न्यावे. त्या दिवशी मी आणि अक्का मुद्दाम गेलो. रखवालदार पायवाटेवर बसून होता. दुपार झाली तरी एक बाई फिरकली नाही. शेताच्या कडेला गंगू शेण गोळा करताना दिसली. मी जवळ जाऊन विचारले.

"आज ह्ये सायेब या म्हणत्यात, बाई," ती म्हणाली. "उद्या दुसरं येत्याल, तवा आमची नावं त्यांच्यापाशी असत्याल." आणि पाटी डोक्यावर घेऊन गेली.

मग पुण्याहून मोठे साहेब पाहणीला आले. वणवा ओढ्यापाशीच रोखला याबद्दल त्यांनी भाऊजींची पाठ थोपटली. भाऊजींनी पारूचे सांगितले; साहेबांनी टोपी काढली, वाईट झाले म्हणाले आणि झरा बघायला वर गेले. त्या संध्याकाळी भाऊजी जेवले नाहीत. ताट झाकून अक्का उंबऱ्यात बसून राहिली.

मी निघाले तेव्हा अक्काने आंबेमोहराची पिशवी दिली. डब्यात समोर मुंबईचे एक गृहस्थ होते. मळवलीच्या सुमारास ते मागे राहिलेल्या औंढ्याच्या हिरव्या डोंगराकडे बोट दाखवून म्हणाले, की सगळे डोंगर असे राखले तर देशाचे सोने होईल. मी हो म्हटले. ते खोटे नव्हते. झऱ्याचे पाणी मी प्याले होते. तो डोंगर पुन्हा बोडका व्हावा असे मला मुळीच वाटत नाही. भाऊजींचे कुठे चुकले ते बोट ठेवून मला दाखवता येत नाही, आणि आबांचेही. पण आपले माणूस आत आहे एवढे सांगायची जिथे छाती होत नाही, ते रान राखले असे म्हणताना माझी जीभ अडते. 

सोलापुरात शेजारणी जमल्या. हवा कशी होती, चिक्की आणली का, अक्का बरी आहे ना. मी प्रत्येकीला ओंजळभर तांदूळ दिला. भात शिजला की अख्ख्या आळीला वास येतो, असे त्या दुसऱ्या दिवशी सांगू लागल्या. पारूचे त्यांना सांगायला मला पुष्कळ दिवस लागले.