चोरून ठेवलेलं आडनाव

अमेरिकेच्या दक्षिणेत, कंबाही नदीच्या काठी भातखाचरांचं पाणी सांभाळणारा मिंगो म्हणजे एकलकोंडा माणूस. भरती आली की लाकडी फाटक उचलून नदीचं पाणी खाचरांत घ्यायचं, ओहोटीला सोडून द्यायचं. गुलामीत हेच काम, सुटका झाल्यावरही हेच. फाटकाशेजारच्या खोपटात तो एकटाच राही. बायको तापानं गेली होती. एकुलती एक लेक सिल्वी, ती आठ वर्षांची असताना मालकानं विकून टाकली. पश्चिमेकडं नेली, एवढंच कुणीतरी म्हणालं होतं. त्याला आता पंधरा वर्षं झाली.

उत्तर-दक्षिणेचं युद्ध संपलं, गुलामी गेली, आणि दोन वर्षांनी वॉशिंग्टनहून कायदा आला: काळ्या पुरुषांनीही मत द्यायचं, राज्याची नवी घटना लिहायला माणसं निवडायची. त्यासाठी आधी नाव नोंदवायचं, आणि तेही पुरतं, आडनावासकट. झालं! सगळ्या नदीकाठी आडनावांची धांदल उडाली. मालकांच्या लेखी आम्हाला आडनाव नव्हतंच. पण होतं, बरं का! घरोघर होतं. आम्ही त्याला किताब म्हणायचो. कुणाचं, आजोबा जहाजातून उतरून पहिल्यांदा ज्या मळ्यावर आला तिथलं; कुणाचं आणखी कुठलं. ते घरात कुजबुजत सांगायचं, कारण मालकाच्या कानावर गेलं तर पाठ सोलून निघायची. पोरांना तर मुळीच सांगायचं नाही. पोरांच्या तोंडात तीळ भिजत नाही.

मिंगोचा किताब होता किनलॉ. बायको गेल्यावर तो जाणणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

नोंदणीच्या दिवशी चौकातल्या दुकानापुढं टेबल मांडून एक गोरा शिपाई बसला होता. पुरुषांची ही लांब रांग. बायकांना कुणी विचारलं नव्हतं, पण त्या सगळ्या बघायला आल्या होत्या, आणि सगळ्यांत पुढं दाफनीमावशी. ज्याची पाळी येई तो छाती पुढं काढून आपला किताब मोठ्यानं सांगे, की बायका टाळ्या पिटत. हॅलबर्न हे मालकाचं नाव एकानंही घेतलं नाही. कशाला घेतील?

मिंगोची पाळी आली.

"नाव?"

"मिंगो."

"पुढं?"

किनलॉ अगदी जिभेवर होतं. आयुष्यभर हेच तर मोठ्यानं म्हणायचं होतं त्याला. पण सिल्वी? तिला किताब कुठं ठाऊक होता? बापाला शोधायला निघालीच, तर ती हॅलबर्नच्या मळ्यावरचा मिंगो म्हणूनच विचारणार. सरकारच्या वहीत किनलॉ लिहिलेलं असलं तर पोरीनं कुठं हुडकायचं?

"अरे बोल की! मागं माणसं उभी आहेत."

"हॅलबर्न," मिंगो म्हणाला आणि हात वर करून त्यानं शपथ घेतली.

टाळ्या पिटायला वर गेलेले बायकांचे हात खाली आले. मग दाफनीमावशी कडाडली, "अरे मेल्या! गळ्यातला पट्टा काढून दिला, तर तूच परत घालून घेतोस होय?"

त्यानं मान खाली घातली आणि चालायला लागला. सांगून टाकायचं ना, बाबा! चार शब्दांचं काम होतं. पण नाही. मोठ्यानं सांगावं आणि पोर आलीच नाही, तर सगळ्यांची कीव कशी सोसायची, या भीतीनं तो मुका राहिला. त्या दिवसापासून तो 'मालकाचा मिंगो' झाला. त्यानं मत दिलं, नवी घटना झाली, शाळा निघाली. गुलामीत कायद्यानं न मानलेली शेजाऱ्यापाजाऱ्यांची जुनी लग्नं सरकारी वहीत चढली, त्यांची जेवणं झाली. त्याला बोलावणं एकाचंही आलं नाही. ताटातला भात आणि वाल एकटा खाऊन तो फाटकावर जाऊन बसे. फार एकटा पडला माणूस, आणि आम्हीच पाडला.

चर्चला मात्र तो चुकत नसे. उपासना झाली की पाद्रीबाबा पत्रं वाचून दाखवत. कुणाची आई हरवलेली, कुणाचा भाऊ, मुलखामुलखांतून पत्रं येत. मिंगो मागच्या बाकावर बसून कान देई. दोन वर्षं असंच चाललं. आणि एका रविवारी पाद्रीबाबांनी एक कागद उलगडला.

"'माझं नाव सिल्वी. माझा बाप कंबाहीकाठी होता. ज्यानं मला विकलं त्याचं नाव मी या कागदावर येऊ देणार नाही. बापाचं खरं नाव मिंगो किनलॉ. मला ते ठाऊक आहे हे त्याला माहीत नाही. तो आईशी हळू बोलायचा तेव्हा मी झोपेचं सोंग घेऊन ऐकलं होतं, आणि कुणाला म्हणून सांगितलं नाही. नव्या कायद्यानं माझं लग्न लावलं, तेव्हा मी वहीत किनलॉचीच मुलगी असं लिहवलं. सरकारला विचारलं, तर उत्तर आलं की तिकडच्या मतदारांत मिंगो किनलॉ नावाचा माणूस नाही, बहुधा वारला असावा. कापूस वेचून झाला की आम्ही टेक्सासात आणखी आत जाऊ, कुठं ते ठरलेलं नाही, म्हणून उलट लिहू नका. एवढंच करा, त्याच्या कबरीवर नावाची पाटी लावा. कधीतरी मी येईन.'"

पाद्रीबाबांनी मान वर केली. "किनलॉ? आपल्यात कुणी होतं का किनलॉ?"

सिल्वीचा बाप मिंगो एकच होता, पण तो तर हॅलबर्न! सगळे एकमेकांकडं बघायला लागले. मागच्या बाकावरून मिंगो उठला.

"मी," तो म्हणाला. "मी आहे. मेलो नाही मी, पोरी!" आणि लेक समोरच उभी असल्यासारखा तो त्या कागदाकडं बघून ढसाढसा रडला. "तुला सापडावं म्हणून गं मी ते दुसरं नाव घेतलं!"

दाफनीमावशीनं डोक्याच्या फडक्याआड तोंड लपवलं.

उलट लिहू नका म्हटलेलं असूनही आम्ही पत्र लिहिलं. ते तसंच परत आलं. मग मिंगोनं सायप्रसच्या लाकडाची एक फळी घासून गुळगुळीत केली आणि पाद्रीबाबांकडून तिच्यावर अक्षरं काढून घेतली: मिंगो किनलॉ. जिवंत आहे. नदीच्या फाटकावर ये.

"जित्या माणसाची पाटी कबरस्तानात?" पाद्रीबाबा म्हणाले.

"ती तिथंच यायची आहे," मिंगो म्हणाला.

त्यानं बायकोच्या कबरीशेजारी पाटी रोवली. दाफनीमावशी न बोलावता आली. आमच्यात गेलेल्या माणसाचा कप फोडून कबरीवर ठेवायची रीत आहे. काहीतरी करायला हवं म्हणून बिचारी तिच्याकडचा एक फुटका कप घेऊन आली होती.

"ठेवू का रे, किनलॉ?" तिनं विचारलं.

"फुटका नको, मावशी. धड असला तर दे," मिंगो म्हणाला. "लांबून येईल. तिला पाणी प्यायला लागेल."

मावशीनं घरी जाऊन धड कप आणला. मिंगो रोज ओहोटीला खाचरांचं पाणी सोडून येतो आणि कपातलं पाणी बदलतो.