कानबाईच्या सोमवारचा टीव्ही

ती घटना आठवली की आजही मला आधी एका म्हातारीचा आवाज ऐकू येतो आणि हसू आवरत नाही. खून-दरोड्याचे गुन्हे मी पुष्कळ हाताळले. पण सुरतमधल्या नोकरीतली सगळ्यात आवडती केस कोणती असं विचाराल, तर मी एका टीव्हीची केस सांगेन. तो टीव्ही मी कधी डोळ्यांनी पाहिलासुद्धा नाही.

मी तेव्हा नवागामच्या बाजूला एका ठाण्यात निरीक्षक होतो. आमचं घराणं मूळचं नंदुरबारकडचं. ठाण्यात गुजराती बोलायचो, घरात अहिराणी. वस्ती बरीचशी खानदेशी, त्यामुळे लोक मला ‘आपला साहेब’ म्हणत आणि त्या हक्काने कसलीही भानगड घेऊन येत.

एके दिवशी सकाळची हजेरी संपते न संपते तोच साडीला लेस लावण्याचं काम करणारी एक बाई अर्ज घेऊन आली. मागे तिचा नवरा, पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमधला कामगार, तोंड फुगवून उभा. ज्या खोलीत ते भाड्याने राहत, ती मालकाने विकायला काढली होती. कर्ज मिळालं तर खोली त्यांची, नाहीतर दिवाळीआधी रिकामी करायची. बँकेने बाईचा क्रेडिट रिपोर्ट काढला आणि कर्ज नाकारलं. रिपोर्टात तिच्या नावावर एका मोठ्या टीव्हीचं कर्ज होतं आणि हप्ता एकही भरलेला नव्हता.

“मी टीव्ही लिधाच नही, साहेब!” ती म्हणाली.

“इना भाऊकडे चलथानले नवा टीव्ही उना,” नवरा पुटपुटला. “तो काय आभायमधून पडना का?”

बाईचे डोळे भरून आले. खोली जाण्याची भीती होतीच, पण आपल्याच घरात चोर ठरल्याचं तिला जास्त लागलं होतं.

“साहेब, आ तो बँकनो मामलो छे,” आमचा जमादार कानाशी लागला. मला या वाक्याचा मनस्वी राग येतो. पोलीस म्हणतात बँकेचं काम, बँक म्हणते पोलिसांचं, आणि माणूस मधल्या मध्ये लोंबकळतो. मी अर्ज दाखल करून घेतला आणि कर्ज देणाऱ्या कंपनीकडून कागद मागवले.

कागदांवर फोटो बाईचा, ओळखपत्रं बाईची. मोबाईल नंबर मात्र तिने कधी ऐकलेलाही नव्हता. टीव्ही दिला होता वस्तीतल्याच एका मोबाईल-टीव्हीच्या दुकानदाराने. तोही खानदेशी. बाईने पूर्वी त्याच्याकडून सिमकार्ड घेतलं होतं. तेव्हा त्याने फोटो काढला, कागदांच्या झेरॉक्स ठेवून घेतल्या. “आपली बोली बोलनारा मानूस, त्याले काय इचारनं?” ती म्हणाली. आमच्या लोकांचं हे असंच. परक्यापुढे खिसा दाबून धरतील आणि अहिराणी बोलणाऱ्याच्या हातात घराची किल्ली देतील.

त्याच आठवड्यात माझ्या एका जुन्या खबऱ्याने टीप दिली. हा दुकानदार पेटीबंद टीव्ही बिलाशिवाय, स्वस्तात उधना भागात विकतो. मी त्याला जबाबासाठी बोलावलं.

गडी तयारीचा होता. “ताई स्वतः दुकानात आली, साहेब. सोमवार होता, दुपारची वेळ. फोटो मीच काढला, टीव्ही टेम्पोत मीच चढवला. दिवसभर गल्ल्यावरून हललो नाही.” बाईची अडचण अशी, की त्या दुपारी ती चलथाणला भावाकडे गेली होती, म्हणजे साक्षीदार तोच नव्या टीव्हीवाला भाऊ. नवऱ्याच्या डोक्यात संशय शिरला तो तिथूनच.

मी भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं मागे उलटली. तो सोमवार कानबाईच्या विसर्जनाचा होता. श्रावणात रविवारी आम्हा खानदेशींच्या घरी कानबाई देवी बसते, सोमवारी वाजतगाजत तिला नदीवर पोचवतात. त्या दिवशी खानदेशी माणूस एक वेळ जेवण चुकवील, मिरवणूक चुकवणार नाही. पण नुसत्या माझ्या म्हणण्याला पुरावा कोण म्हणणार?

तेवढ्यात दुकानदाराची आई डबा घेऊन ठाण्यात आली. मी तिला खुर्ची दिली, चहा मागवला आणि लेकाच्या देखत कौतुक केलं, “माय, पोरगा मोठा कष्टाळू तुमचा. कानबाईच्या सोमवारीसुद्धा दिवसभर दुकान चालवलं म्हणे!”

म्हातारीने कप खाली आपटला. “कोन म्हनस? कानबाईना दिन दुकान? मना घरमा असं कधीच व्हयनं नही! सकायपासून नाची ऱ्हायंता हाऊ, तापीवर गया व्हता! आख्खी गल्लीले इचारा! दुकानले कुलूप व्हतं, किल्ली मना कमरले!”

दुकानदार खाली बघू लागला. घराण्याची लाज राखायला म्हातारी अशी तावातावाने उठली, की लेकाचा जबाब तिने एका दमात उभा फाडला.

प्रकार कळला तेव्हा म्हातारीने आणलेला डबा उचलून काखेत घेतला. मग एवढंच म्हणाली, “कबूल कर. नही त घर येवानं नही.” त्याने कबूल केलं. बाईच्या कागदांवर त्याने दोन सिमकार्डं काढली होती, एक तिला दिलं आणि एक स्वतःकडे ठेवलं. त्या दिवशी मिरवणूक निघायच्या आधी मोबाईलवरूनच कर्जाचा अर्ज भरून टाकला होता, आणि टीव्ही पुढे परस्पर विकला. दुकानाच्या झडतीत अशी आणखी सिमकार्डं निघाली. पंचनामा झाला, गुन्हा नोंदवून त्याला अटक केली. चलथाणचा टीव्ही भावाने रोखीने घेतला होता, त्याचं बिलही आलं.

गुन्ह्याची प्रत जोडून बाईने कर्ज कंपनीकडे आणि रिपोर्ट तयार करणाऱ्या संस्थेकडे तक्रार केली. काही आठवड्यांनी ती नोंद निघाली. मग तिने विचारलं, “साहेब, स्कोर म्हनजे काय?” मी सरळ बँकेच्या मॅनेजरांसमोर जाऊन बसलो. त्यांनी सांगितलं ते मी तिला पोलिसी भाषेत सांगितलं. “ताई, आम्ही सराईत चोराची हिस्ट्रीशीट ठेवतो ना, तशी ही कर्जदाराची. यात तुमचा पगार नाही, दागिने नाहीत. घेतलेलं कर्ज वेळेवर फेडलं की नाही, एवढंच मुख्य बघतात. शंभर ठिकाणी कर्ज मागत फिरलात तरी आकडा घसरतो. आपला रिपोर्ट आपण पाहिला तर मात्र काही बिघडत नाही, उलट वर्षातून एकदा पाहायलाच हवा.”

खोटी नोंद गेली आणि खाली दबलेलं खरं वर आलं. बचत गटातर्फे घेतलेलं शिलाई मशीनचं कर्ज तिने एकही हप्ता न चुकवता फेडलं होतं. स्कोर असा वर गेला, की मॅनेजरांनी स्वतः अभिनंदन करून कर्ज मंजूर केलं. नवऱ्याने माझ्यासमोर तिची माफी मागितली. “आते मोठा आवाजमा, मना सासूसमोर सांगा,” ती म्हणाली. त्याने घरी जाऊन तेही केलं.

या केसने मला शिकवलं ते असं. माणसाचा खरेपणा पुष्कळदा कुठेतरी लिहिलेला असतोच, पण त्यावर दुसऱ्याने टाकलेला कचरा आपण होऊन हटत नाही. तो हटवायला ठाण मांडून बसावं लागतं. त्या बाईने ते केलं, मी फक्त बाजूला उभा राहिलो.

पुढच्या श्रावणात तिच्या स्वतःच्या खोलीत कानबाई बसली. मी दर्शनाला गेलो. निघताना तिने माझ्या हातावर रोटाचा प्रसाद ठेवला. मी चमकलो. कानबाईचा रोट भावकीबाहेर देत नाहीत, आणि माझी भावकी वेगळी.

“ताई, हा रोट भावकीचा,” मी म्हणालो.

“म्हनीसनच दी ऱ्हायनू,” ती म्हणाली, आणि नवऱ्याने माझ्यासाठी पाट मांडला.