तिनं आवाज दिला होता

आखाडा बाळापूरच्या आमच्या शाळेत हॉकी आली ती सरांच्या बदलीबरोबर. नांदेडहून आले तेव्हा त्यांच्या वळकटीत नऊ जुन्या स्टिक गुंडाळलेल्या होत्या. शाळेमागचं मैदान मुरमाचं. पहिला आठवडा सरांनी आम्हा मुलींना स्टिकला हातच लावू दिला नाही, नुसते खडे वेचायला लावले. पोरी कंटाळून गळाल्या. उरल्या त्यांत मी होते आणि ती होती.

मी तांड्यावरची. आई-बाप दसरा झाला की ऊसतोडीला जायचे. दरवर्षी माझी याडी, म्हणजे आई, जाताना सांगायची, "औंदा शीक, पुढच्या साली तुलाबी कोयता घ्यावा लागंल." ती गावातली, विहीरबागायत असलेल्या शेतकऱ्याची पोरगी. घरी दूधदुभतं होतं, डब्यात रोज लोणी यायचं आणि त्यातलं निम्मं माझ्या भाकरीवर पडायचं. मी सेंटर फॉरवर्ड खेळायचे, ती माझ्या डाव्या हाताला. बॉल कुठं जाणार हे तिला माझ्याआधी कळायचं. माझे निम्मे गोल तिच्या पासवरचे होते आणि ते दोघींनाही माहीत होतं. तिचा आवाज खणखणीत. शेताच्या ह्या बांधावरून त्या बांधापर्यंत हाक मारायची सवय. मैदानात ती "डावीकडं!" म्हणून ओरडली की रस्त्यानं जाणारा माणूसही मान वळवायचा.

नववीत असताना नांदेडला निवड चाचणी झाली. निवडलेल्या मुलींना पुण्याच्या वसतिगृहात ठेवणार, खाणं-शिक्षण फुकट, असं सरांनी सांगितलं होतं. आम्ही दोघी एसटीनं सरांबरोबर गेलो. शेवटच्या सामन्यात दहाएक मिनिटं उरली होती, गोल कुणाचाच नव्हता. मी बॉल घेऊन गोलासमोरच्या डीत शिरले. गोलकीपर माझ्यावर धावून आली. डावीकडे ती एकटी होती, पुढे रिकामा गोल. तिनं हाक दिली. एकदा नाही, दोनदा. मला ती स्वच्छ ऐकू आली. आणि मी बॉल दिला नाही. गोलकीपरच्या पायाखालून मीच मारला. गोल झाला.

ती धावत आली, मला कवेत घेतलं आणि म्हणाली, "लई भारी मारला ग."

सामना संपल्यावर सर मला बाजूला घेऊन गेले. चिडलेले होते. "ती मोकळी होती. पास काहून न्हाई दिला? ते तिकडं बसलेले साहेब इचारून राहिले, ही पोरगी अशीच एकटी खेळती का म्हणून."

 माझ्या डोळ्यांपुढं ऊस आला. मी म्हणाले, "तिनं आवाजच दिला न्हाई, सर."

"न्हाई दिला?"

"न्हाई. ती घाबरून गेली होती."

 सर मान हलवून साहेबांकडे गेले. तासाभरानं यादी वाचली. माझं नाव होतं, तिचं नव्हतं.

परतीच्या एसटीत सर तिला म्हणाले, "एरवी गल्ली डोक्यावर घेती आन् मोक्याच्या टायमाला तोंड उघडलं न्हाई. फॉरवर्डला तोंड पाहिजे, बाई." तिनं सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी खिडकीबाहेर बघत होते. ती काहीतरी बोलेल म्हणून मी गाव येईपर्यंत जीव मुठीत धरून बसले. ती बोलली नाही.

मी पुण्याला गेले. तिचं दहावीनंतर सेनगावकडच्या एका गावात लग्न झालं. पत्रिका वसतिगृहावर आली होती. तेव्हा शिबिर होतं. सुट्टी मागितली असती तर मिळाली असती. मी मागितली नाही.

पुढं मी देशाच्या संघात आले. पहिल्यांदा निळा टीशर्ट हातात आला तेव्हा मी तो बराच वेळ अंगात घातला नाही, मांडीवर घेऊन बसले. परदेशातल्या थंडीत बोटं आखडायची, स्टिक हातात आहे की नाही ते कळायचं नाही. पाणी मारलेल्या हिरव्या टर्फवर बॉल इतका सरळ जायचा की मुरमावर खेळलेल्या मला सुरुवातीला तो खोटाच वाटायचा. पहिला गोल झाला त्या दिवशी मी गावी शाळेत फोन लावला. सर रडले. ते हे तिलाही कळवतील का, असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण विचारलं नाही.

पण माझ्या खेळाला एक खोड लागली होती. गोलासमोर मी एकटी असले, कुणीही जवळ नसलं, तरी मी मारण्याआधी डावीकडे बघायचे. तेवढ्यात बचाववाली पोचायची. आणि डावीकडे कुणी असलं की मी बॉल देऊन टाकायचे, मारायला जागा असतानाही. सोबतच्या मुलींना मी फार दिलदार वाटायचे. कोच मात्र वैतागायचे. "फॉरवर्ड हो तुम, मारो! दान मत करो!" मी समजलं म्हणून मान हलवायचे आणि पुढच्या सामन्यात तेच करायचे. चार वर्षं मी संघात होते, त्यातली शेवटची दोन बहुतेक राखीव. मग एका यादीत नाव आलं नाही, त्याच्या पुढच्याही यादीत नाही. कुणाला कारण सांगितलं नाही. काय सांगणार?

त्यानंतरच्या वर्षी शाळेनं माझा सत्कार ठेवला. हिंगोली आता जिल्हा झाला होता, मोठे साहेब येणार होते. मैदानावर मंडप, मला शाल-श्रीफळ. समोर मुली बसलेल्या, मागं गावातल्या बायका. त्या बायकांत ती दिसली. दिवाळीला माहेरी आलेली असणार. मी हात केला, तिनंही केला.

सर बोलायला उभे राहिले. माझं कौतुक झालं. मग ते मुलींना म्हणाले, "आता तुमाला ती दुसऱ्या पोरीची गोष्ट तर पाठ हाय." मुली हसल्या. एक म्हणाली, "तोंड न उघडणारी!" सर म्हणाले, "बराबर. हिच्याएवढाच खेळ होता तिचा. एक आवाज दिला न्हाई आन् घरी बसली. मी दरसाल सांगतो, मैदानात मुकं राहू नका."

म्हणजे दरवर्षी, प्रत्येक नव्या तुकडीला, ह्याच मैदानावर. तिच्या भावाच्या मुली ह्याच शाळेत होत्या.

मी शाल पांघरून खुर्चीवर बसले होते. माईक माझ्यापासून दोन हातांवर होता. नंतर तो माझ्या हातात दिला. मी सरांचे आभार मानले, शाळेचे मानले, गावाचे मानले. मागं बायकांत पाहिलं तर ती उठून गेली होती.

मी तिला रस्त्यावर, फाट्याजवळ गाठलं. धाप लागली होती. म्हणाले, "तू आवाज दिला होतास."

"व्हय."

"मग तवा एसटीत सरला सांगितलं काहून न्हाई?"

ती थांबली. "मला वाटलं तू सांगशील. तिथं न्हाई तर गावात. गावात न्हाई तर पुण्याहून पत्रात. मग लगीन झालं, मंग मी वाट पाहायचं सोडलं." शांतपणे बोलत होती. "आजबी मला वाटलं होतं, तुझ्या हातात माईक होता."

"चुकलं माझं."

"हे मला काहून सांगून राहिली? मी तर तिथंच होते." आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी मी कळमनुरीला सरांच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. सर निवृत्तीला आले होते, केस पांढरे झाले होते. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी एवढंच म्हणाले, "दहा वर्षं मी त्या लेकराची बदनामी करून राहिलो." मग आत जाऊन टोपी घालून आले. "चल, तिच्या सासरी जायचं."

सेनगावला एसटीनं, पुढं जीपनं. ती आदल्या दिवशीच सासरी परतली होती. अंगणात सोयाबीन वाळत घातलेलं, ते ती खराट्यानं गोळा करत होती. सरांना पाहून तिनं पदर सावरला आणि पाया पडली. सरांनी तिचे हात धरले. "बाई, माझं चुकलं. मी शहानिशा केली न्हाई. शाळेत समद्या पोरींपुढं मी हे सांगणार हाय."

ती रडली. इतक्या वर्षांत मी तिला रडताना कधी पाहिलं नव्हतं. मग तिनं सरांना बाजेवर बसवलं, चहा केला, त्यांच्या गुडघ्यांच्या तकलिफीबद्दल विचारलं, शेत दाखवायला नेलं. मला कप दिला, साखर बराबर आहे का विचारलं, पाव्हण्याला विचारतात तसं. मी बाजेच्या टोकावर बसून राहिले. तिच्या नवऱ्यानं मला परदेशातलं हवामान विचारलं, मी सांगितलं.

निघताना ती जीपपर्यंत आली. सरांना म्हणाली, "येत जा, सर." सर पुढं बसले तेव्हा हळूच मला म्हणाली, "तू आलीस, बरं झालं. पर पुन्हा नको येऊस. मला तुझ्याशी काय बोलावं ते सुचत न्हाई."

सरांनी शब्द पाळला. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी मुलींना खरं काय ते सांगितलं, माझं नाव घेऊन. ते नंतरही दर संक्रांतीला तिच्याकडे तिळगूळ घेऊन जायचे आणि तिची खुशाली मला फोनवर कळवायचे. तिला दुसरी मुलगी झाली, नवऱ्यानं बोअर मारली, पाणी लागलं. मी ऐकायचे. तिच्या गावाला मी पुन्हा गेले नाही.