अण्णांची सुटका

माझे वडील आयुष्यात एकदाच पोलिसांच्या ताब्यात गेले, आणि तेही वारल्यानंतर. अण्णांसारख्या माणसाला हे अजिबात आवडलं नसतं. सिग्नल पिवळा झाला तरी ते गाडी थांबवायचे आणि मागच्यांचे हॉर्न ऐकत हिरव्याची वाट पाहत बसायचे.

आमच्याकडे अस्थी घरात आणत नाहीत. गावी असतो तर कुंपणाबाहेरच्या झाडाला मडकं टांगलं असतं आणि दहाव्यापर्यंत तिकडे कोणी फिरकलं नसतं. मीरा रोडला आमच्या सोसायटीच्या आवारात एकच झाड आहे, बदामाचं, आणि त्याखाली मुलं बॅडमिंटन खेळतात. सेक्रेटरींनी हात जोडून सांगितलं, "अंकल को हम सब मानते थे, लेकिन पेड़ पे मत टांगो." स्मशानात मडकी ठेवायची सोय होती. तिथल्या फडताळात इतरांच्या मडक्यांत अण्णांना ठेवायला आई तयार होईना. "त्यांना गर्दी आवडायची नाही," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने तिनेच तोडगा काढला. "गाडीत ठेवा. गाडी म्हणजे काही घर नाही."

गाडी अण्णांची, निवृत्तीनंतर घेतलेली. दर रविवारी ते ती धुवायचे, पुसायचे, आणि मग बाहेर काढायचे नाहीत, कारण रस्त्यावर धूळ असते. त्या गाडीच्या डिकीत, स्टेपनीशेजारी, लाल फडक्यात बांधलेलं मडकं मी ठेवलं. त्याच फडक्यात अश्माही होता. अग्नी देताना खांद्यावरच्या मडक्याला ज्या दगडाने भोक पाडतात, तो दगड. दहाव्याचे पिंड त्याच्यासमोरच मांडायचे असतात. "बाकी काही विसरलात तर बघता येईल," गुरुजींनी मला बजावलं होतं, "पण अश्मा हरवला तर दहावा व्हायचा नाही."

दिवसभर आई समईपाशी बसून असायची. सकाळी आंघोळ झाली की आणि संध्याकाळी दिवेलागणीला ती खिडकीशी जाऊन खाली पार्किंगमध्ये कव्हर घातलेल्या गाडीकडे पाहायची. एकदा तिने नुसता पदर सारखा केलेला मी पाहिला.

दहाव्याच्या आदल्या दिवशी सकाळी भावोजी दारात उभे राहिले. भावोजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. राहतात गोडदेवला, स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. आदल्या संध्याकाळी आईने त्यांना केळीची पानं आणि पत्रावळी आणायला पाठवलं होतं. पानं त्यांच्या काखेत होती, पण चेहरा पानांइतका ताजा नव्हता. त्यांनी मला खुणेनेच जिन्यात बोलावलं. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करतो, म्हणून ते मला मास्तर म्हणतात.

"मास्तर, एक लोचा झालाय."

"पत्रावळी मिळाल्या नाहीत?"

"पत्रावळी मिळाल्या. गाडी गेली."

"कुठे गेली?"

"पोलिसांकडे. स्कूटर चालू होत नव्हती, म्हणून म्हटलं अण्णांची गाडी घेऊ. मग काशीगावात एक दोस्त भेटला, मग आम्ही जरा बसलो. परत येताना हायवेला नाकाबंदी. मशीनमध्ये फुंकायला लावलं."

"भावोजी, सुतकात?"

"मला कुठे सुतक? मी जावई आहे." हे त्यांनी इतक्या पटकन सांगितलं की रात्रभर तेच पाठ करत बसले असावेत. "आणि अण्णांच्याच आठवणीत घेतली, शप्पथ. सगळे त्यांच्याबद्दल चांगलंच बोलत होते."

"पण डिकीत..."

"तेच सांगतोय. डोक्यातून गेलंच होतं. क्रेनने गाडी पुढून उचलली, मागून खाली गेली, तेव्हा एकदम आठवलं. मी ओरडलो, अरे हळू, मागे म्हातारा माणूस आहे! त्यांनी डिकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. एक जण दुसऱ्याला म्हणाला, लिहून घे, बरीच झालीय."

खरं तर मला हसू आलं नसतं. पण भावोजींच्या काखेतली पानं थरथरत होती, आणि माझ्या डोळ्यांसमोर मागच्या बाजूने खाली जाणारे अण्णा आले. माझी आंघोळ झाली होती, दाढी वाढलेली होती, घरात समई तेवत होती, आणि मी जिन्यात तोंडावर हात दाबून हसत होतो. अण्णा गेल्यापासून पहिल्यांदा.

मग आठवलं, आईची खिडकीशी जायची वेळ झाली होती.

"ते मी बघून घेतलंय," भावोजी म्हणाले. कव्हर पार्किंगमध्येच पडलं होतं. ते त्यांनी स्वतःच्या बंद स्कूटरवर, वॉचमनच्या सायकलवर आणि पाण्याच्या एका पिंपावर घालून चारी बाजूंनी ओढून बांधलं होतं. मी आईच्या मागे जाऊन उभा राहिलो. वरून पाहिलं तर गाडीचा भास होत होता, म्हणजे कुणी मनापासून विश्वास ठेवायचं ठरवलं असेल तर.

आई बराच वेळ बघत राहिली. "गाडी बारीक झाली का रे?"

"वरून तसंच दिसतं, आई."

"रोज वरूनच बघते मी," ती म्हणाली आणि समईत तेल घालायला वळली.

आम्ही ग्रंथालयाच्या कामाचं निमित्त सांगून निघालो. दाढी वाढलेला, सुतकातला ग्रंथपाल जावयाला घेऊन कसल्या तातडीच्या कामाला निघाला, हे कुणी विचारलं नाही. ताईने फक्त नवऱ्याकडे पाहिलं. त्या नजरेनंतर कोर्ट सोपं गेलं. भावोजींनी इतक्या नम्रपणे गुन्हा कबूल केला की दोन वेळा त्यांना मोठ्याने बोलायला सांगावं लागलं. दंड भरला, लायसन तिथेच राहिलं, आणि गाडी सोडण्याचा कागद हातात पडला. आता फक्त चौकीत जाऊन ती आणायची होती.

हायवेलगतच्या चौकीमागे मोकळी जागा होती. तिथे धरलेल्या रिक्षा, मोटारसायकली, एक बर्फाचा टेम्पो आणि त्यांच्यामध्ये अण्णांची गाडी. इतकी धूळ तिच्यावर मी कधी पाहिली नव्हती. तिच्या डिकीवर वर्तमानपत्र पसरून एक हवालदार उभ्याने डबा खात होते. मेथीची भाजी होती. त्यांनी डाव्या हाताने आमचा कागद घेतला आणि वाचला.

"ठीक आहे. मालक कुठे आहेत?"

"मी त्यांचा मुलगा," मी म्हणालो.

"असाल हो. गाडी ज्यांच्या नावावर आहे त्यांना आणा. नाहीतर त्यांच्या सहीचं पत्र आणा."

"ते वारले."

हवालदारांनी घास खाली ठेवला. "वाईट झालं. मग आधी वारसांच्या नावावर करून घ्या. आरटीओ, दाखला, सगळं रीतसर. तोवर गाडीला काही होत नाही, इथे कोणी हात लावत नाही."

"साहेब, उद्या त्यांचा दहावा आहे."

"मग दहावा करा ना. गाडी कशाला लागतेय? रिक्षानं जा."

भावोजींना राहवलं नाही. "अहो साहेब, मालक आहेत."

"आता हे म्हणाले वारले."

"वारले. पण आहेत. इथेच आहेत. तुम्ही ज्याच्यावर जेवताय, त्याच्या आत."

हवालदारांनी भावोजींकडे, कोर्टाच्या कागदाकडे आणि परत भावोजींकडे पाहिलं. "आज पण घेतलीय का यांनी?"

मी किल्ली पुढे केली. असल्या प्रसंगांना उपयोगी पडेल असं मी कधी काही वाचलेलं नाही. त्यांनी डबा उचलला, वर्तमानपत्र सारलं आणि डिकी उघडली. स्टेपनी, गाडी पुसायचं पिवळं फडकं, छत्री, आणि छत्रीच्या दांडीला टेकून लाल फडक्यातलं मडकं. क्रेनने उचलूनही ते उभंच होतं. मी फडक्याची गाठ चाचपली. अश्मा जागेवर होता.

हवालदारांनी आधी टोपी काढली. मग बूट काढावेत का, असा विचार करून एका पायाचा काढलाही. मग त्यांना हातातला डबा आठवला.

"अहो, आधी बोलायचं ना! मी कालपासून इथेच जेवतोय! रात्री पण इथेच जेवलो. आमच्या बायकोला कळलं तर ती मला डोक्यावरून आंघोळ करून पण घरात घेणार नाही."

"मग कशाला सांगताय?" भावोजी म्हणाले. "आम्ही पण घरी सांगितलेलं नाही."

ही गोष्ट हवालदारांना एकदम पटली. आरटीओ, वारस, सहीचं पत्र, सगळं मागे पडलं. कागदावर माझी सही घेतली, माझ्या ओळखपत्रावरचा नंबर उतरवला, आणि टोपी काखेत धरूनच ते म्हणाले, "घेऊन जा, घेऊन जा. जपून न्या. आणि गाडी यांनी चालवायची नाही."

हा भाग आम्ही दोघंही विसरलो होतो. भावोजींचं लायसन गेलं होतं. माझं होतं. इतकी वर्षं ते मी पुस्तकात खूण म्हणून वापरत आलो होतो आणि त्या सकाळी ओळखपत्र म्हणून बरोबर घेतलं होतं. तीस ओलांडल्यावर अण्णांनी मला बळेच गाडी शिकवली होती. रविवारी हाटकेशमधले कारखान्यांचे गाळे बंद असत, तेव्हा गाडी धुण्याआधी त्या रिकाम्या गल्ल्यांतून. ते शेजारी बसायचे, एक हात हँडब्रेकवर. "क्लच. अरे, क्लच. क्लच म्हणजे काय सांगितलं होतं मी तुला?" परीक्षा मी कसाबसा पास झालो आणि नंतर स्टिअरिंगला हात लावला नाही. त्यांनीही आग्रह केला नाही. जावयाला तर किल्ली कधीच दिली नाही. "मुलगी दिलीय, गाडी नाही," असं ते सगळ्यांसमोर म्हणायचे.

गाडी चौकीच्या फाटकात बंद पडली. मग रस्त्यावर आल्यावर बंद पडली. मागून हॉर्न सुरू झाले. भावोजी मागच्या सीटवर एक हात डिकीकडे धरून बसले होते. "हळू, मास्तर. पुढे बस आहे. हळू. अण्णा हलतायत."

पहिल्या गियरमधून दुसऱ्यात आलो आणि तिथेच राहिलो. पूल उतरलो. सिग्नल पिवळा झाला, मी थांबलो. मागचा रिक्षावाला ओरडला, "अरे भाई, निकाल ना!" मी हिरव्याची वाट पाहत बसून राहिलो. आणि तेव्हा मला जाणवलं की इतका वेळ मी गाडी चालवतोय, आणि अण्णा एक शब्दही बोललेले नाहीत. क्लचबद्दलसुद्धा. हिरवा झाल्यावरही मला रस्ता नीट दिसायला थोडा वेळ लागला.

दिवेलागणीला आई खिडकीशी गेली तेव्हा कव्हराखाली खरी गाडी होती. आईने पाहिलं. "आता बरी दिसतेय," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाईंदरच्या खाडीकाठी दहावा झाला. अश्म्यासमोर पिंड मांडले, मग एक पिंड कावळ्यासाठी लांब ठेवला आणि आम्ही मागे सरलो. कावळे होते. समोरच्या भिंतीवर ओळीने बसले होते. एकही खाली येईना.

गुरुजी म्हणाले, "काहीतरी राहिलंय त्यांचं. बोला, शब्द द्या."

ताईने हात जोडले. "अण्णा, आईला मी सांभाळीन." कावळे बसून. मी म्हणालो, "अण्णा, आईला एकटं ठेवणार नाही." एका कावळ्याने चोच पुसली. आई म्हणाली, "मी वेळेवर जेवेन हो." काही नाही. ऊन वर चढलं. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायची तयारी सुरू केली आणि आईचा चेहरा उतरला. दर्भाच्या कावळ्याने शिवलेला पिंड तिला नको होता. ते खरे कावळे येईपर्यंत ती तिथून हलली नसती.

मी भावोजींकडे पाहिलं. ते कधीपासून माझी नजर टाळत होते. शेवटी चपला काढून ते पुढे गेले.

"अण्णा," ते म्हणाले, "तुमच्या गाडीला परत हात लावणार नाही. परवा घेऊन गेलो, पकडला गेलो, तुम्हाला चौकीत राहावं लागलं. चुकलं माझं."

ताईने डोक्याला हात लावला. गुरुजींचा हात दर्भावर थांबला. एक कावळा भिंतीवरून उतरला, दोन उड्या मारून पुढे आला आणि मान वाकडी करून भावोजींकडे बघत राहिला.

"आणि दारू सोडली," भावोजी म्हणाले.

कावळा एक उडी मागे गेला.

"म्हणजे... गाडी चालवायची असेल तेव्हा तरी नाही घेणार."

कावळ्याने पिंडाला चोच मारली. मग बाकीचे उतरले आणि क्षणात पत्रावळीवर काही उरलं नाही.

आई पदराने डोळे पुसत होती. मला वाटलं रडतेय. जवळ गेलो तर तिचे खांदे हलत होते ते वेगळ्याच कारणाने. "मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "गाडी कधी एका रात्रीत इतकी बारीक होते का? आणि तिला सायकलची घंटी कुठून आली? वॉचमनचा पोरगा कव्हरात हात घालून वाजवत होता."

मग मी खाडीच्या पाण्यात उतरलो आणि मडकं सोडलं. ते जरा फिरलं, कललं आणि गेलं. अश्माही पाण्यात टाकला. वर आलो तेव्हा आई गाडीपाशी उभी होती, पुढच्या दरवाजाशी. भावोजी मुकाट मागे जाऊन बसले होते.

"तू चालव," ती मला म्हणाली. बसल्यावर तिने एक हात हँडब्रेकवर ठेवला.