साहेबरावांनी गप्प बसायचं ठरवलं

साहेबराव दाभाडे रिटायर झाले, पण त्यांचा आवाज काही रिटायर झाला नाही. उभी हयात एसटीत कंडक्टर म्हणून गेली. गाडी पैठणची असो की कन्नडची, "पुढं सरका, पुढं लई जागा हाय!" ही आरोळी मागच्या दारातून निघायची ती थेट ड्रायव्हरच्या कानात जाऊन बसायची. पुढं जागा असो वा नसो, माणसं सरकायची. आता गाडी नाही, घंटीची दोरी नाही. आवाजाला कुठंतरी काम हवं म्हणून साहेबराव संध्याकाळी छावणीच्या मैदानाच्या कठड्यावर येऊन बसायचे आणि 'छावणी यंगस्टार' या फुटबॉल संघाला तो आवाज फुकट पुरवायचे.

ते स्वतः कधी फुटबॉल खेळले नव्हते. एकदा बॉल उडत उडत त्यांच्याकडं आला, तेव्हा त्यांनी तो दोन्ही हातांनी झेलला, धोतराच्या सोग्यानं पुसतात तसा शर्टानं पुसला आणि मैदानात जाऊन अदबीनं पंचाच्या हातात दिला. पण मतं? मतांना तोटा नव्हता. त्यातलं सगळ्यात लाडकं मत असं की गाडीत माणूस पुढं सरकला पाहिजे आणि मैदानात मागं.

"मागं! अरे मागं सरका! घर उघडं टाकून कुठं निघाले?"

मग यंगस्टारची बचावफळी मागं सरकायची. अजून मागं. शेवटी सगळे गोलकीपरच्या मांडीवर बसल्यासारखे दाटीवाटीनं उभे राहायचे, गोलकीपरला बॉल दिसायचाच नाही, आणि गोल व्हायचा. गोल झाला की साहेबराव हताशपणे म्हणायचे, "सांगत व्हतो ना, अजून मागं पायजे व्हतं."

असा हा संघ गेली कित्येक वर्षं शहराच्या लीगमध्ये तळाला होता. आणि साहेबरावांची इच्छा एकच होती: जिवंतपणी एकदा तरी लीगची ढाल छावणीत यावी.

यंदा ती इच्छा पुरी व्हायची वाट त्यांना दिसली, आणि ती वाट हरण्यातून जात होती.

ते असं. लीगच्या कमिटीनं एक रीत पाडली होती. सीझन संपला की पुढच्या रविवारी नवी पोरं मैदानात ओळीनं उभी राहतात आणि एकेक संघ आळीपाळीनं आपला खेळाडू उचलतो. जो संघ तळाला, त्याची उचल पहिली. कमजोराला तेवढाच आधार. यंदाच्या नव्या पोरांत विश्वजीत नावाचं एक बाणासारखं पोरगं होतं. डाव्या पायानं मारायचं, उजव्यानं मारायचं, आणि दोन्ही पायांत माणसं अडकली तर डोक्यानं मारायचं. पहिली उचल ज्याची, विश्वजीत त्याचा, यात कुणालाच शंका नव्हती.

आता शेवटचा सामना उरला होता पुंडलिकनगरशी. तळाच्या या दोन्ही संघांचे गुण सारखे. पण यंगस्टारनं इतके गोल खाल्ले होते की बरोबरी झाली तरी तळाला तेच राहणार होते. म्हणजे हरले तरी विश्वजीत मिळणार, बरोबरी झाली तरी मिळणार. फक्त जिंकले तर हातचा जाणार.

साहेबरावांनी स्वयंपाकघरात ओट्यावर संघाची नवी मांडणी लावली. चार कांदे म्हणजे बचाव, लसणाच्या पाकळ्या मधली फळी, मिरच्या दोन्ही बाजूंना. आणि सगळ्यांच्या पुढं, एकटा, लालबुंद टोमॅटो.

"हा विश्वजीत," ते म्हणाले. "यंदा ह्यो आला, की पुढच्या साली गोलकीपर उचलायचा. त्याच्या पुढच्या साली ढाल."

मनकर्णाबाईंनी कढईत तेल टाकलं. "आन् भाजी कोणत्या साली?"

"अगं, ही संघबांधणी हाय! टप्प्याटप्प्यानं करावी लागती."

"करा की." त्यांनी टोमॅटो उचलला आणि विळीवर धरला. "तुमच्या टप्प्याच्या आत माझा कुकर व्हतोय."

विश्वजीत फोडणीत गेला. हा अपशकुन आहे हे साहेबरावांच्या लक्षात आलं नाही.

त्यांनी यंगस्टारचा कॅप्टन सुयश याला चहाच्या टपरीवर गाठलं. सुयश वाळूजच्या कंपनीतून शिफ्ट करून आलेला, डोळ्यांत झोप. साहेबरावांनी सगळा हिशोब समजावला. सुयशची झोप उडाली.

"म्हणजे हरायचं? मुद्दाम?"

"मुद्दाम नाय रे. दर वेळेसारखं."

"काका, ये नहीं होता अपने से. पोरं हरतात ती गोष्ट वेगळी. हरायला म्हणून मी बूट नाय बांधत."

"बांध मग बूट. मी तुला कायबी म्हणत नाय." साहेबरावांनी चहाचा घोट घेतला. मग धूर्तपणे म्हणाले, "फक्त मी त्या दिवशी ओरडणार नाय. माझी साथ नसली तर तुम्ही काय जिंकताय!"

सुयशनं चहाचा ग्लास खाली ठेवला. "खरंच नाय ओरडणार?"

"एक शब्द नाय."

"शप्पथ?"

"शप्पथ."

सुयश टपरीवरून निघाला तो जवळजवळ पळतच. सामन्याआधी त्यानं ही बातमी संघाला सांगितली तेव्हा पोरांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. साहेबरावांना लांबून वाटलं, बिचारी घाबरलीत.

सामन्याला कठड्यावर साहेबरावांच्या शेजारी तात्यासाहेब येऊन बसले. पुंडलिकनगरचे. गावाकडं जमीन, इकडं दोन मजली घर आणि पुतण्या संघात, एवढ्या कारणानं ते पुंडलिकनगरचे मोठे आधारस्तंभ होते. दोघांची जुनी दोस्ती, म्हणजे जुनं भांडण.

"काय साहेबराव, घसा बसला काय? बोलंना गेले."

साहेबरावांनी ओठांवर बोट ठेवलं.

"मौन? आज कोणता उपास हाय?"

साहेबरावांनी खिशातून बडीशेप काढून तोंडात टाकली आणि पंचाकडं बघत बसले.

सामना सुरू झाला. आणि काहीतरी विपरीत घडायला लागलं. यंगस्टारची पोरं एकमेकांना हाका मारत होती, आणि त्या हाका एकमेकांना ऐकू येत होत्या! बचावफळी जिथं उभी राहायला हवी तिथं उभी होती. गोलकीपरला, बहुतेक आयुष्यात पहिल्यांदाच, पूर्ण मैदान दिसत होतं. तो दोनदा तर उगाच हात हलवून पलीकडच्या गोलकीपरला नमस्कार करून आला.

हाफ टाइमच्या जरा आधी सुयशनं मधूनच बॉल काढला, दोघांना चकवलं आणि मारला. जाळी हलली.

मैदान ओरडलं. साहेबराव अर्धे उठले, तोंड उघडलं, आणि शपथ आठवून पुन्हा बसले. बडीशेप मात्र श्वासात गेली. ठसका लागला.

तात्यासाहेबांनी पाठीवर थापा मारल्या. "तुमचा गोल झालाय, साहेबराव! आनंदानं मरताय का काय?"

"नाय..." साहेबरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. "दुःखानं."

"आँ?"

"विश्वजीत गेला ना रे तात्या!"

तात्यासाहेबांना उमगलं आणि ते कठड्यावर हात आपटून हसले. "अरे, तुला पायजे असंल तर तूच घे तो विश्वजीत! त्याचं मी काय लोणचं घालू? मला आज जिंकायचंय. पुतण्याला बघायला पाव्हणे आलेत मैदानात!"

आता ही अजबच पंचाईत. एकाला हरायचंय, तो जिंकतोय. दुसऱ्याला जिंकायचंय, तो हरतोय. आणि दोघांचीही पोरं कुणाचं ऐकत नाहीत.

दुसऱ्या अर्ध्यात साहेबराव हिशोब करत बसले. एक गोल. पुंडलिकनगरनं फक्त एक गोल मारावा, बरोबरी व्हावी, बस. पण यंगस्टार गोल खाईना. वर्षानुवर्षं गोल खाणारं पोरगं आजच कसं जेवंना? विचार करता करता त्यांच्या मनात एक भयंकर गोष्ट चमकून गेली.

मी गप्प बसलो म्हणून हे जिंकतायत.

 म्हणजे इतकी वर्षं... नाही, त्याचा विचार घरी जाऊन करू. आत्ता एवढंच खरं की मी बोललो तर हे हरतील. शपथ? शपथ एका सामन्याची, विश्वजीत जन्माचा!

शेवटची काही मिनिटं. पुंडलिकनगरचे सगळे पुढं आलेले. बॉल यंगस्टारच्या गोलपासून जरासा लांब, तात्यासाहेबांच्या पुतण्याच्या पायाशी. पुंडलिकनगरचे तिघं गोलसमोर टपलेले आणि त्यांना खेटून यंगस्टारचे चौघं बचाववाले. पुतण्या बॉल उचलून आत टाकणार, हे आंधळ्यालाही दिसत होतं.

साहेबरावांनी ठरवलं, या चौघांना तिथून हलवायचं. मागं सरका म्हटलं तर गोलच्या तोंडाशी गर्दी होईल, बॉल कुणाच्या तरी अंगाला लागेल. मग? त्यांच्या तत्त्वाच्या अगदी उलट. घर उघडं टाकायचं. ते कठड्यावर उभे राहिले, छाती भरून घेतली, आणि रिटायर झाल्यापासून न दिलेली ती आरोळी दिली:

"पुढं सरकाऽऽ! पुढं लई जागा हाय!"

तो आवाज काय, हुकूमच. चौघंही बचाववाले, शाळेला त्यांच्याच गाडीतून गेलेली पोरं, एका पावलात पुढं सरकली. विचार नाही, काही नाही, सरकली. लाइनमनही अर्धं पाऊल सरकला म्हणतात. त्याच क्षणी पुतण्यानं बॉल मारला. पुंडलिकनगरचे तिघं गोलसमोर एकटे. एकानं आरामात बॉल आत ढकलला.

"गोऽऽल!" तात्यासाहेबांनी टोपी उडवली.

"गोल!" साहेबरावांनीही हात वर केले.

दोघं एकमेकांच्या गळ्यात पडले. दोन वैरी एकाच गोलासाठी नाचत होते, आणि पलीकडं लाइनमनचा झेंडा वर होता.

ऑफसाइड. बॉल मारला तेव्हा यंगस्टारचे चौघं पुढं आलेले आणि पुंडलिकनगरचे तिघं त्यांच्या मागं, गोलकीपरपाशी एकटेच उभे. अशा जागी बॉल घेणं नियमात बसत नाही, म्हणून गोल रद्द. लगेच शिट्टी वाजली. यंगस्टार जिंकलं.

साहेबरावांचे हात वरच राहिले. ते खाली यायच्या आत पोरांनी धावत येऊन त्यांना त्याच हातांना धरून उचलून घेतलं.

"काका! काय टायमिंग! एकदम चौघं! सापळा लावला त्यांना!"

"खाली ठेवा," साहेबराव म्हणाले. "अरे, खाली ठेवा. मी तुम्हाला हरवायला ओरडलो व्हतो."

पोरं थांबली. सुयशनं त्यांच्याकडं बघितलं. तोंडावर घाम, कपाळावर माती. मग तो इतका हसला की काकांचा एक पाय त्याच्या हातून सुटला.

घरी मनकर्णाबाईंनी दार उघडलं. "काय झालं? हरले का?"

"जिंकले."

"मग तोंड असं का?"

"जिंकले म्हणून."

मनकर्णाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला. 

रविवारी उचल झाली. नवी पोरं मैदानात ओळीनं उभी राहिली. पहिली उचल पुंडलिकनगरची. तात्यासाहेबांनी एका दमात "विश्वजीत!" म्हटलं आणि साहेबरावांकडं बघून मिशीला हात लावला. लोणचं घालायला पोरगं चांगलंच सापडलं होतं.

दुसरी उचल यंगस्टारची. सुयश कठड्यापाशी आला.

"काका, बोला."

साहेबरावांची छाती फुगली. "बोलू? माझं मत पायजे?"

"हां. तुमच्या मतानं यातला कोणता पोरगा बिलकुल घ्यायचा नाय?"

मागं उभी असलेली पोरं खुसखुसली. साहेबरावांचा चेहरा पडला. क्षणभर त्यांनी मैदानाकडं पाठ फिरवली. मग पुन्हा वळले, ओळ पाहिली, आणि शेवटच्या टोकाला उभ्या असलेल्या एका लांबलचक पोराकडं बोट केलं. बूट पायाला मोठे, हात गुडघ्यापर्यंत.

"तो! तो अभय. त्याला चुकूनबी घेऊ नका. हात बघा, खांबाला दोऱ्या लटकल्यावानी! काय कामाचा?"

"बस!" सुयश ओरडला. "अभय, इकडं ये! गोलकीपर मिळाला आपल्याला!"

पोरं टाळ्या पिटत अभयला घेऊन गेली. साहेबराव कठड्यावर बसून राहिले. एकटेच, पण आता मान ताठ.

संध्याकाळी ओट्यापाशी त्यांनी मनकर्णाबाईंना सांगितलं, "मला तोच पायजे व्हता. उलटं बोललो म्हणून मिळाला."

मनकर्णाबाईंनी विळी पुढं ओढली. "खरंच पायजे व्हता, का येता येता रस्त्यात सुचलं?"

 साहेबरावांनी चार कांदे मांडले, ते नेहमीपेक्षा बरेच पुढं. त्यांच्या मागं एक लांबडं वांगं उभं करायचा प्रयत्न केला. ते पडलं. पुन्हा उभं केलं.

"टोमॅटो देऊ का?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"चिरून टाक," साहेबराव वांग्याला हाताचा आधार देत म्हणाले. "विश्वजीतचं पुढच्या साली बघू. आधी हे उभं राहू दे."

"वांगंबी मला लागणार हाय."

"मनकर्णा!" त्यांचा आवाज असा काही घुमला की खाली गल्लीत उभी असलेली रिक्षा हातभर पुढं सरकली.