फेदरबेडचा बर्फ आणि दारातला सडा

परातीत बसून बर्फावरून घसरणाऱ्या माझ्या आईचा फोटो मी टाकला होता, आठवतोय? अजूनही त्याच्याखाली लोक विचारतात. जागा कुठली, गाडी वरपर्यंत जाते का, लहान मुलांना नेता येईल का. सांगते, सगळं सांगते. पण त्या दिवशी आमच्या शेजारणीचं काय झालं आणि त्यात माझा हात किती, हे मी आजवर कुठेच लिहिलेलं नाही. ते लिहिल्याशिवाय मला तो फोटो बघवत नाही.

आई फेब्रुवारी २०२० मध्ये कराडहून तीन महिन्यांसाठी माझ्याकडे डब्लिनच्या क्लोनडॉकिनला आली आणि कोविडमुळे अडकली. परतीचं तिकीट तीनदा काढलं, तीनदा रद्द झालं. तिसरं रद्द झालं ते ऐन ख्रिसमसच्या आठवड्यात. माझी हाउसमेट विमानं बंद व्हायच्या आधीच पुण्याला पळाली होती, माझं ऑफिस माझ्याच बेडरूममध्ये, आणि आई दिवसभर खिडकीशी. एकदा भांडी घासता घासता म्हणाली, "मी काय आता इथंच मरायची का गं?"  दुसऱ्या दिवशी बातम्यांत डोंगरावर बर्फ दाखवला. काउंटी, म्हणजे आपला जिल्हा, सोडायला बंदी होती, पण डब्लिनचे डोंगर काउंटीतच आहेत. म्हटलं, "चल, उद्या बर्फ बघायला." "एवढ्या थंडीत कशाला तडफडायचं?" म्हणाली, आणि लगेच धपाट्यांचं पीठ भिजवायला उठली की!

इथे आईची एकच मैत्रीण होती, शेजारची नूला. वय अठ्ठ्याहत्तर, घरात एकटी. हिला इंग्रजी येईना, तिला मराठी, पण दोघी भिंतीवरून तास तास बोलायच्या. आई लाडवांचा डबा द्यायची, नूला त्यात घरी भाजलेले स्कोन, म्हणजे गोडसर पाव, घालून परत करायची. रिकामा डबा परत करायचा नसतो हे तिला कोणी सांगितलं, देव जाणे. आई रोज सकाळी दारात सडा घालून रांगोळी काढायची, पाऊस असला तरी. मी चिडवायचे, "अगं, वरून पडतोयच की सडा." तर म्हणायची, "तो देवाचा. हा आपला." नूला दाराशी आली की रांगोळीला वळसा घालून यायची. कधी म्हणजे कधी तिने तिच्यावर पाय ठेवला नाही.

निघायच्या दिवशी सकाळी सगळं दव गोठून पांढरं झालं होतं. आई तांब्या घेऊन दारात उभी. "यावर रांगोळी बसायची नाही गं." साडेनऊ वाजून गेले होते, उशीर झाला की वर पार्किंग मिळत नाही, म्हणून मी खेकसले, "केटलचं गरम पाणी ओत की, वितळेल. पण आटप बाई!" तिने दोन केटल ओतल्या, झाडूने पाणी दोन्ही बाजूंना सारलं, मधली जागा फडक्याने कोरडी केली आणि छोटंसं कमळ काढलं. माझं दार उत्तरेकडे आहे. हिवाळ्यात तिथे उन्हाची तिरीपसुद्धा येत नाही. हे मला माहीत होतं. गोठलेल्या काचेवर गरम पाणी ओतू नये हेही माहीत होतं, म्हणून गाडीची काच मी जुन्या कार्डाने खरवडत बसले होते. काचेची काळजी घेतली बघा मी.

गाडी मागे घेताना नूलाने तिच्या खिडकीतून आईच्या पायांकडे बोट दाखवलं. कॅनव्हासचे बूट आणि दोन जोड मोजे. "हिला धड बूट नाहीत का गं?" मी ओरडले, "शी इज ग्रँड, नूला!" इथल्या बोलीत, ठीक आहे ती, आणि निघाले.

आता रस्ता. क्लोनडॉकिनहून एम-फिफ्टी महामार्ग धरून दक्षिणेकडे, मग फरहाउसवरून किलाकीचा चढ. एकूण अर्धा तास. या बाजूला टोल लागत नाही. चढावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवा आणि ब्रेक मारू नका. वरच्या व्ह्यू-पॉइंटला जागा मिळाली तर तिथेच लावा, कारण पुढे फेदरबेडच्या माळावर दोन्ही कडांना गाड्या कशाही लावलेल्या असतात. शौचालय नाही. पायथ्याजवळच्या कॉफीच्या व्हॅनमध्ये हॉट चॉकलेट साडेतीन युरो, रांग वीस मिनिटांची. जीन्स घालून जाऊ नका. ओली झाली की संपलंच.

माळ मात्र काय दिसत होता! एरवी तो नुसता काळा-तपकिरी दलदलीचा पसारा. त्या दिवशी नजर पोचेल तिथवर पांढरा, आणि खाली सगळं डब्लिन, थेट समुद्रापर्यंत. आई गाडीतून उतरली. मग वाकून मूठभर बर्फ घेतला, हुंगला, चाखला. "मेलं, कशाचाच वास नाही याला."

पोरं बेकिंग ट्रे घेऊन, कचऱ्याच्या पिशव्या घेऊन उतारावरून घसरत होती. आईने डिकी उघडायला लावली. आत कणीक मळायची परात! मला न सांगता आणलेली. टीव्हीवर पाहिलं होतं म्हणे. परकराला गाठ मारून बाई परातीत बसली, मी ढकललं, आणि ती किंचाळत थेट खालच्या कुंपणापर्यंत. एका माणसाने टाळ्या वाजवल्या, "फेअर प्ले टू यू, मिसेस!" आईने विचारलं, "काय म्हणतोय?" म्हटलं, "शाब्बास म्हणतोय." "मग त्याला धपाटं दे." दिलं. आई पाच वेळा घसरली. दहा महिन्यांत मी तिला एवढं हसताना पाहिलं नव्हतं. मी पण हसत होते. 

अडीचला परतलो. नूला आमच्या दारात आडवी पडली होती.

शुद्धीवर होती. ओठ निळे. शेजारी लोकरीचं अस्तर असलेले जुने बूट, आईसाठी दाराशी ठेवायला आणलेले. "मी ग्रँड आहे गं, उगाच धावपळ नको," असं म्हणाली आणि मग रडली. दीड तास तरी पडून असावी. ख्रिसमसचे दिवस, अर्धी वस्ती बाहेर, आणि तिचा आवाज तो किती. रांगोळीच्या दोन्ही बाजूंना, जिथे आईने पाणी सारलं होतं, तिथे काचेसारखा बर्फ धरला होता. कमळाची एक पाकळीही पुसली नव्हती. नेहमीसारखी वळसा घालायला गेली होती ती.

आईने अंगातला स्वेटर काढून तिच्यावर घातला आणि अँब्युलन्स येईपर्यंत तिचा हात सोडला नाही. मग गुडघ्यांवर बसून उलथन्याने तो बर्फ खरवडत राहिली. मी उठवलं तरी उठेना.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन नीट झालं, मग न्यूमोनिया झाला. भेटायला कोणालाच सोडत नव्हते. तीन आठवड्यांत नूला गेली. अंत्यविधीला दहाच माणसांना परवानगी, म्हणून सगळी गल्ली आपापल्या फाटकात उभी राहिली आणि शवपेटीची गाडी हळूहळू पुढून गेली. आई हात जोडून उभी होती. त्या सकाळनंतर तिने पुन्हा सडा घातला नाही.

फेब्रुवारीत नूलाचा मुलगा डेक्लन घर आवरायला आला. मी बूट परत द्यायला गेले, आई मागोमाग आली. तिने मला हाताला धरून थांबवलं. "त्याला सांग. पाणी मी ओतलं होतं म्हणावं. माझ्यामुळे त्याची आई पडली. जसंच्या तसं सांग."

डेक्लन माझ्याकडे बघत होता. पाणी आईने ओतलं, पण ओतायला सांगितलं कोणी? मी इंग्रजीत म्हणाले, "ती म्हणतेय, तुझ्या आईचा तिला फार आधार होता. तिला फार वाईट वाटतंय."

त्याचे डोळे भरून आले. त्याने आईचा हात दोन्ही हातांत घेतला. म्हणाला, "बूट राहू देत तुमच्याकडे. तिच्या फोनवर सगळे तुमच्या रांगोळ्यांचेच फोटो आहेत." आई हुंदके देत रडली. मला विचारलं, "काय म्हणाला?"

मी सांगितलं, "माफ केलं म्हणाला."

आईला सप्टेंबरमध्ये विमान मिळालं. बूट इथेच आहेत, दाराच्या आत. बर्फ बघायला जरूर जा, रस्ता वर लिहिलाय. फक्त दारात गोठलं असेल तर पाणी ओतू नका, मीठ टाका. साधं, स्वयंपाकातलं चालतं.

डेक्लनला पत्र लिहायला घेतलंय. दोन ओळींपुढे जात नाही. आणि आई तिकडे कराडमध्ये येईल-जाईल त्याला सांगते, "माझ्या हातून तिची आई गेली, मी कबूल केलं, तरी त्या पोरानं माझा हात धरला. अशी माणसं असतात बघा जगात." दर रविवारी फोनवर न चुकता विचारते, "डेक्लन भेटला का गं? त्याला माझा नमस्कार सांग."

मी म्हणते, "सांगते."