नहार आणि न्याहारी

सासूबाईंनी जन्मात कधी मिसरीसुद्धा लावली नाही, आणि फुप्फुसाचा कॅन्सर मात्र त्यांनाच झाला. सासरे दिवसाला दोन बंडलं विड्या ओढून ऐंशीव्या वर्षी झोपेत गेले. या अन्यायाबद्दल सासूबाईंनी देवाशी अबोला धरला होता. आमच्याशी त्या बोलत, पण तेही देवावरचा राग काढायला.

त्या साताऱ्याकडच्या. आम्ही नोकरीपायी हैदराबादेत, हिमायतनगरला. सासरे गेल्यावर त्या आमच्याकडे आल्या. त्या दिवसांत शहरात काचेच्या इमारती आणि नवी औषधं सारख्याच वेगाने उगवत होती. डॉक्टर म्हणाले, "नशीबवान आहात. सलाईनवाली केमो नको. ही गोळी नेमकी गाठीलाच धरते. रोज एक." हे सगळं इंग्रजीत, माझ्याकडे बघून. ज्यांची गाठ त्या शेजारीच बसल्या आहेत, हे डॉक्टरांच्या गावीही नव्हतं. त्यांनी कागदावर काहीतरी खरडलं. मी ते वाचलं नाही, कारण मला ऑफिस गाठायचं होतं. हा माझा गुन्हा; कबूल करून टाकते, म्हणजे बाकीच्यांवर मोकळेपणाने चिडता येईल.

औषधाचं दुकान घराखालीच. गोळ्या आल्यावर सासूबाई स्वतः उतरल्या. दुकानदार भला माणूस, बजावून म्हणाला, "अम्मा, रोज सुबू नहार मूं लेना. नहार मूं! भूलना नक्को."

सासूबाई विजयी मुद्रेने वर आल्या. "न्याहारीला घ्यायची. काही अवघड नाही."

मी म्हटलं, "बरं."

दुसऱ्या दिवसापासून घरात न्याहारीचा सोहळा सुरू झाला. "एवढी जालीम गोळी, पोटाला आधार नको?" तुपात न्हालेला शिरा, लोण्याचा गोळा ठेवलेलं थालीपीठ, दाण्याची चटणी, आणि या सगळ्याच्या मधोमध, प्रसादासारखी, ती गोळी.

दहाव्या दिवशी नाकावर, गालांवर, छातीवर पुवाचे फोड. नखांच्या कडा चिरलेल्या. जुलाब तर असे, की त्या संडासातून बाहेर यायला तयार नव्हत्या. खालच्या तेलुगू शेजारणीने "अम्मवारु" म्हणजे देवी आल्या असं ठरवून आमच्या दाराला कडुलिंब बांधला. मी त्या पाल्याखालून तीन दिवस वाकून ये-जा केली. डॉक्टरांना फोन केला नाही.

चौथ्या दिवशी त्यांना धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी लांबूनच चेहरा पाहिला. "काहींना झेपत नाही. बंद करू."

"मग पुढे?"

त्यांनी खांदे उडवले. सासूबाईंना इंग्रजी येत नव्हतं, पण खांदे कळले.

"काय म्हणतोय गं?"

"गोळी बंद म्हणतात."

"म्हणजे मरू?" त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "एक दिवस चुकले नाही मी! रोज न्याहारी पोटभर करून घेतली. त्या दुकानदाराने सांगितलं तशीच, नहारला! सांग त्याला!"

मी रागारागाने शब्दन् शब्द सांगितला. डॉक्टर थबकले. कोपऱ्यातली सिस्टर आधी हसली, मग तिने तोंडावर हात ठेवला. "अय्यो अम्मा! नहार मूं बोले तो खाली पेट!"

त्यांच्या नहारमध्ये खाणं नव्हतं. आमच्या न्याहारीत खाण्याशिवाय काहीच नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "खाण्यासोबत हे औषध रक्तात भलतंच चढतं. खाण्याआधी एक तास, नाहीतर खाल्ल्यावर दोन तासांनी. मी लिहिलं होतं." आणि कागदावरची दोन अक्षरं दाखवून वर म्हणाले, "पेशंट सूचना पाळत नाहीत."

"सूचना कुणाला दिलीत? कागदाला?" माझा आवाज बाहेरच्या बाकांपर्यंत गेला. "माझ्या सासूला आत्ता बाद करत होतात तुम्ही! काय खाल्लं, कधी खाल्लं, एवढंही न विचारता!"

सासूबाईंनी मला हाताने मागे सारलं. "तू गप. तूही सांगितलं नाहीस." मग डॉक्टरांना, चक्क मराठीत, "आजार मला आहे. मला सांग."

सिस्टर दुभाषी झाली. डॉक्टरांनी खुर्ची वळवली. जुलाब थांबेपर्यंत आणि फोड बसेपर्यंत गोळी बंद. मग ते सांगतील तेव्हाच पुन्हा सुरू. आणखी काय घेता? कधीमधी पित्ताची गोळी, असं बाहेर आलं. तीही विचारल्याशिवाय नाही. तिच्यामुळे हे औषध अंगी लागत नाही. जुलाब लागले तर त्याच दिवशी फोन. पाच मिनिटं लागली. ही पाच मिनिटं पहिल्या दिवशी कुठे होती, हे मी आजही विचारते, आणि तितक्याच मोठ्याने.

गोळी पुन्हा सुरू झाली. सहाला गोळी, सातला चहा. साठ वर्षं डोळे उघडताच चहा घेतलेल्या बाईला हा तास म्हणजे छळ. त्या घड्याळासमोर खुर्ची टाकून बसत आणि डॉक्टरला, दुकानदाराला, मला आणि सगळ्या उर्दू भाषेला सातारी शिव्या घालत. थोडे फोड राहिलेच, पण झेपण्याइतके.

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला. गाठ निम्म्यावर. मी सकाळी धावत त्यांच्या खोलीत गेले. घड्याळात साडेसहा झाले होते, ही माझी चूक.

"आई, अहो..."

"सात वाजू देत," त्या गरजल्या. "मग बोल."